सत्तावीस नंबरचा हत्ती

ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्समधील २७ नंबरच्या स्क्वाड्रनच्या बोधचिन्हावर हत्ती आहे. ही स्क्वाड्रन १९२० पासून बरीच वर्षे वायव्य सरहद्दीवर होती. तेव्हा हा हत्ती हिंदुस्थानचाच, असे आपल्याकडच्या वाचकाला वाटले तर नवल नाही. पण स्क्वाड्रन सरहद्दीवर जाण्याआधीच तो तिला चिकटला होता. १९१६ साली ती फ्रान्सच्या आघाडीवर गेली ती मार्टिनसाइड विमाने घेऊन. अंगाने थोराड, वळायला जड अशा त्या विमानाचे नाव पडले ‘एलिफंट’. थट्टेतले हे नाव पुढे राजाच्या मंजुरीने चिन्ह झाले. आणि बोधवाक्य काय, तर ‘शक्य तितक्या वेगाने ताऱ्यांकडे’!

बोधचिन्हांच्या अभ्यासात नव्याने येणाऱ्याने आधी या हत्तीची गाठ घ्यावी. चित्रात काय दिसते हे कळले, तरी ते तिथे का आले हे कळलेले नसते. १९ नंबरच्या स्क्वाड्रनचा डॉल्फिन सॉपविथ डॉल्फिन विमानावरून आला, तर ४३ नंबरचा झुंजीचा कोंबडा ग्लॉस्टर गेमकॉकवरून. युरोपातली जुनी घराणीही ढालीवर आपल्या नावाचा असाच श्लेष चितारत; वायुदलाने तीच खोड उचलली.

सुरुवातीला ज्याने त्याने मनाला येईल ते चित्र विमानावर रंगवले. १९३० च्या दशकाच्या मध्यावर ‘चेस्टर हेराल्ड’ या कुलचिन्हांचे काम पाहणाऱ्या पदावरचे जॉन हीटन-आर्मस्ट्राँग बोधचिन्हांचे निरीक्षक झाले आणि या हौसेला शिस्त लागली. वर मुकुट, भोवती नावाचे वर्तुळ, खाली बोधवाक्याची फीत, ही चौकट सगळ्यांना सारखी. स्क्वाड्रनच्या वाट्याला उरली फक्त मधली जागा. मुकुटाकडे मात्र नीट पाहावे. दुसऱ्या एलिझाबेथ राणीच्या काळात त्याचा आकार बदलला, त्यामुळे चिन्ह असलेल्या पण तारीख नसलेल्या लाकडी फलकाचाही काळ ढोबळमानाने सांगता येतो.

३१ नंबरची स्क्वाड्रन आपल्याला जवळची. तिची पहिली तुकडी १९१५ च्या डिसेंबरात मुंबईला उतरली. तिच्या चिन्हातल्या पाच टोकांच्या ताऱ्याचे नाते ‘स्टार ऑफ इंडिया’ या किताबाशी जोडले जाते आणि तिचे लॅटिन बोधवाक्य सांगते, ‘हिंदुस्थानच्या आकाशात पहिली’. पण १८ फेब्रुवारी १९११ रोजीच हेन्री पेके यांनी अलाहाबादहून नैनीला विमानाने टपाल नेले होते. तेव्हा ही ‘पहिली’ लष्करी स्क्वाड्रनपुरतीच धरावी.