खोल्यांमधील तापमानभेद

खोल्यांमधील तापमानभेद : एकाच घरातील काही खोल्या इतर खोल्यांपेक्षा सतत जास्त तापणे किंवा जास्त गार राहणे. थंड देशांत हा प्रश्न मुख्यतः हिवाळ्यातील उबेचा असतो. महाराष्ट्रात तो उन्हाळ्याचा असून गच्चीखालच्या मजल्यावर आणि पश्चिमेच्या खोलीत तो सर्वाधिक जाणवतो. या नोंदीत त्याच घरांचा विचार केला आहे.

कारण : संपूर्ण महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्याने सूर्य वर्षातून दोनदा थेट डोक्यावर येतो. त्यांपैकी पहिली वेळ मुंबई-पुण्यात मेच्या मध्यास आणि नागपुरात मेच्या अखेरीस, म्हणजे ऐन उन्हाळ्यात येते. तेव्हा दुपारी दक्षिणेच्या भिंतीवर ऊन जवळजवळ पडत नाही. ते सारे गच्ची झेलते आणि सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन पूर्व-पश्चिमेच्या भिंतींवर येते. स्वच्छ आकाशाखाली भरदुपारी गच्चीच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे ९०० ते १,००० वॅट ऊर्जा पडते. जुनी, काळवंडलेली गच्ची त्यातील बराच मोठा भाग शोषून घेते.

ही उष्णता घरात उशिरा पोहोचते. चार-सहा इंची स्लॅबमधून खाली उतरायला तिला तीन-चार तास लागतात, तर नऊ इंची विटांच्या भिंतीतून आत यायला साधारण सहा-सात तास. म्हणून पश्चिमेच्या भिंतीवर दुपारी चारला पडलेले ऊन रात्री दहा-अकराला, नेमके झोपायच्या वेळी, आत जाणवते. अशा खोलीतील हवेचे तापमान शेजारच्या खोलीपेक्षा फार वेगळे नसले, तरी तापलेले छत आणि भिंत अंगावर उष्णता फेकत असतात. तापमापी हवा मोजते. शरीराला पृष्ठभागही जाणवतात. ‘वरच्या मजल्यावर उगाच जास्त उकडल्यासारखे वाटते’ असे म्हणून ही तक्रार उडवून लावणे अन्यायाचे आहे.

छपरांचे प्रकार : मराठवाडा-सोलापूरकडील माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवरचे जाड मातीचे छप्पर, दुपारचा ताप बराच काळ वरच अडवून धरते. कोकणातील कौलारू घरात छपराखालचा माळा तेच काम करतो, कारण कौलांच्या फटींतून तिथली तापलेली हवा निघून जाते. स्लॅबने टिकाऊपणा आणि वापरायला गच्ची दिली, पण ही दोन्ही संरक्षणे काढून घेतली. पत्र्याच्या घराची गत सर्वांत वाईट असते. पत्रा रात्री लवकर निवतो खरा, पण भरदुपारी ऊन आणि माणूस यांच्यामध्ये जवळजवळ काहीच नसते.

निदान : दोन खोल्यांत सारख्या उंचीवर तापमापी ठेवून दुपारी आणि रात्री नोंदी घ्याव्यात. फरक दुपारी जास्त असेल, तर बहुधा खिडकीतून येणारे ऊन जबाबदार असते. रात्री वाढत असेल, तर छत किंवा भिंत. रात्री छताला व भिंतींना हात लावून पाहिले, तरी यातले पुष्कळसे कळते.

उपाय : उष्णता आत आल्यावर तिच्याशी झगडण्यापेक्षा ती बाहेरच अडवणे नेहमीच स्वस्त पडते, म्हणून सुरुवात गच्चीपासून करावी. सर्वांत कमी खर्चाचा उपाय चुन्याची सफेदी. पावसाळा ती धुऊन नेतो आणि धुळीने ती मळते, त्यामुळे दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी नवा हात द्यावा लागतो. पांढरे परावर्तक रंग किंवा पांढऱ्या फुटक्या फरश्यांचा चायना मोझॅक जास्त टिकतो. काही फूट उंचावर बांधलेली हिरवी जाळी किंवा सौर पॅनेलही गच्चीवर सावली धरतात. तेलंगणाने २०२३ मध्ये अशा शीतल छतांसाठी स्वतंत्र धोरण आणले.

उष्णतारोधक थराचा परिणाम अधिक खात्रीचा असतो. केंद्राच्या ‘इको निवास संहिता २०१८’नुसार छताची उष्णतावहनक्षमता प्रति चौरस मीटर प्रति अंश १.२ वॅटपेक्षा जास्त नसावी. नुसत्या स्लॅबची ती तीनच्या वर असते. स्लॅबवर दाट थर्माकोलचा दोन इंची थर घालून वर जलरोधक आच्छादन केले, की ती मर्यादेच्या बरीच खाली येते. गच्चीला हात लावता येत नसेल, तर आतून फॉल्स सीलिंग करावे. फायदा होतो, पण कमी. गच्चीवर बाग करण्यापूर्वी मात्र बांधकाम अभियंत्याला विचारावे. सहा इंच ओल्या मातीचे वजन चौरस मीटरला अडीचशे किलोच्या वर जाते आणि वापरातली गच्ची सामान्यतः दीडशे किलोंच्या वापरभारासाठी आखलेली असते.

गृहनिर्माण संस्थेत गच्ची सामाईक असते, त्यामुळे परवानगी लागते. गळती थांबवण्याचा खर्च सगळे वाटून घेतात; उष्णता अडवण्याचा खर्चही तसाच वाटला जायला हवा.

पश्चिमेच्या खिडकीवरचा छज्जा कलत्या उन्हापुढे निरुपयोगी ठरतो. तिथे बाहेरून सोडलेला बांबूचा चिक लागतो. आतला पडदा उजेड अडवतो, पण तोवर उष्णता काच ओलांडून आलेली असते.

हवा आणि यंत्रे : रात्री खिडक्या उघडून घर निववणे पुणे-नाशिककडे उत्तम साधते, मुंबईत रात्रीही पारा फारसा उतरत नसल्याने लाभ थोडा. पंखा अंगावरचा घाम वाळवतो, छत गार करत नाही. विदर्भाच्या कोरड्या हवेत कूलर चांगला चालतो, मात्र समोरची खिडकी उघडी ठेवली तरच, नाहीतर खोलीत नुसता दमटपणा साचतो. किनारपट्टीवर तो जवळजवळ कुचकामी. तापलेल्या स्लॅबखाली वातानुकूलन यंत्र मोठे घ्यावे लागते (एक टन म्हणजे सुमारे ३.५ किलोवॅट शीतनक्षमता) आणि ते रात्रभर त्या स्लॅबची उष्णताच उपसत राहते. म्हणून यंत्राचा आकार गच्चीचे काम झाल्यावर ठरवावा.