कुंकू दिसेपर्यंत

मलकापूर स्टेशनवर उतराल तेव्हा १९३२ सालचा डिसेंबर असेल. दुर्बीण, कॅमेरा, मोबाईल यांतलं काही सोबत नको. एक जाड घोंगडी तेवढी आणा, आणि ती काळी असू द्या. अंगावर पांढरं काही दिसलं तर उद्या पहाटे एक म्हातारा तुम्हाला पोरासोरांसमोर बोलेल. ते ऐकूनही घ्यावं लागेल, कारण ज्या कामाला तुम्ही आला आहात त्यातलं त्याच्याइतकं कळणारं आसपास कोणी नाही.

स्टेशनाबाहेर कापसाच्या बंड्यांची रांग आहे. तुम्ही बुलढाण्याच्या लॉरीत जागा धरता. मोताळा मागे पडतं, राजूर घाटात इंजिनाचं पाणी उकळतं, सगळे खाली उतरतात, आणि पुन्हा चढून वर पोचलात की हवा एकदम गार. वऱ्हाड कागदोपत्री अजून निजामाचा आहे. १९०२च्या कराराने इंग्रजांनी तो कायमच्या पट्ट्याने घेतला आणि कारभार नागपुराहून चालतो. लॉरीत शेजारी बसलेल्या शेतकऱ्याला याच्याशी देणंघेणं नाही. त्याची चिंता कापसाचा भाव, आणि तो पडलेला आहे. चिखली, मग मेहकर. तिथून लोणारच्या वाटेवरच्या एका गावच्या पाटलांची दमणी तुम्हाला घेऊन जाते. वाटेत तुरीला शेंगा धरल्यात, हरभरा घाट्यावर आलाय, आणि कापून झालेल्या ज्वारीच्या कडब्याच्या गंज्या घरांपेक्षा उंच दिसताहेत.

पाटलांच्या वाड्यावर तुमच्यासारखा आणखी एक नवखा आहे: त्यांचा पुतण्या, अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात शिकणारा, नाताळच्या सुट्टीत आलेला. त्यानेही आजवर बदक मारलेलं नाही. दोघांना मिळून एक दुनळी. १८७८च्या शस्त्र कायद्यामुळे बंदुकीला परवाना लागतो आणि गावात तो एकट्या पाटलांकडे आहे, तोही मुख्यतः पिकांत घुसणाऱ्या रानडुकरांसाठी.

संध्याकाळी पाटील ती बंदूक तुमच्या हातात देतात, रिकामी. तळ्याकडून परतणाऱ्या बगळ्यांच्या रांगेवर नळी फिरवायला लावतात. बगळ्याच्या मागून यायचं, त्याला गाठायचं, ओलांडायचं, आणि ओलांडताना चाप. हात थांबवायचा नाही. नवखा माणूस हमखास इथेच थांबतो आणि छर्रे बदकाच्या शेपटीमागून जातात. हिशेब सोपा आहे. भर वेगातलं बदक सेकंदाला अठराएक मीटर कापतं, आणि पस्तीस-चाळीस यार्डांवर पोचायला छर्‍यांना सेकंदाचा आठवा-नववा भाग लागतो. तेवढ्यात पक्षी दोन मीटर पुढे गेलेला असतो. म्हणजे तुम्ही बदकावर नेम धरतच नाही, बदकापुढच्या रिकाम्या हवेवर धरता. पुतण्याला हे गणित झटकन कळतं. हाताला कळायला वेळ लागेल.

काडतुसं कागदी आहेत. रात्री पाटील ती चुलीपासून लांब पण कोरड्या फडताळात ठेवतात, कारण दव लागून फुगलं की काडतूस नळीत शिरत नाही. जेवायला भाकरी, झुणका आणि ठेचा. लवकर झोपा.

पहाटे वाड्याच्या दाराशी तो म्हातारा उभा आहे. फासेपारधी. त्याचं पाल गावाबाहेर आहे, आणि पाटलांनी बोलावल्याशिवाय तो वेशीच्या आत येत नाही. सोबतच्या नातवाशी तो गुजरातीच्या अंगाने जाणाऱ्या आपल्या भाषेत बोलतो, तुमच्याशी वऱ्हाडीत. कंदिलाच्या उजेडात तुम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळतो.

“पाहुने, हे पांढरं धोतर झाका. बदकाले रंग दिसते.”

तुम्ही घोंगडी पायांपर्यंत ओढता. पुतण्याचा सदराही पांढराच आहे, पण त्याला तो काही बोलत नाही. पाटलांचं घर आहे.

गावाखालच्या तळ्यावर कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून आडोसा आधीच केलेला आहे. त्याची जागा म्हाताऱ्याने ठरवली. वारा पूर्वेचा आहे. बदक उतरताना वाऱ्याकडे तोंड करून उतरतं, म्हणून ती पश्चिमेच्या शेतांवरून येतील, तुमच्या डोक्यावरून जातील आणि समोर पाण्यावर पाय पुढे काढतील. अंधारात नळ्या उघड्या ठेवून चालायचं, बसल्यावरच काडतूस भरायचं, आणि तोंड कायम आभाळाकडे. पाण्यालगत आडवा बार अजिबात नाही. छर्रे पाण्यावरून दगडाच्या भाकरीसारखे उसळतात, आणि पलीकडच्या काठाला माणसं बसलेली आहेत.

मग थांबायचं असतं. शिकारीच्या गोष्टी सांगणारे हा भाग गाळतात, आणि मला वाटतं तिथेच ते खोटे पडतात. पाय बधिर होतात. पुतण्याच्या दातांचा आवाज येतो. दिसत काही नाही, पण पाण्यावर काहीतरी चाललंय: चळक, फुरफुर, मधूनच एक घोगरा स्वर. म्हातारा कानानेच मोजतोय. एक बोट वर करून कुजबुजतो, “हा थापट्या.” चपटी चोच पाण्यात फिरवत गाळ गाळून खाणारा. थोड्या वेळाने डोक्यावरून शिट्टीसारखा पंखांचा सपाटा जातो. चक्रांग, लहान बदकांचा थवा. तुम्ही बंदूक उचलता. तो हाताने नळी खाली दाबतो.

“डोयानं मारतेत बदक. बंदूक त मांगून येते.”

पूर्वेला फटफटतं आणि तळ्याच्या मधोमध तांबूस पिवळ्या रंगाची एक जोडी दिसते. चक्रवाक, म्हाताऱ्याच्या तोंडी चकवा. पुतण्याचा चेहरा खुलतो, एवढं मोठं, एवढं उठावदार पाखरू! म्हातारा मान हलवतो. एक तर रात्री नदीच्या दोन काठांवरून एकमेकांना हाका मारत राहण्याचा शाप या जोडीला आहे असं लोक मानतात, आणि गावात कोणाला ते मारलेलं आवडणार नाही. दुसरं कारण धंद्याचं. चकवा हा तळ्याचा जागल्या. त्याला तुमची चाहूल लागली की त्याच्या आंग-आंग ओरडण्याने सगळं तळं उठतं. म्हणून त्याला मारायचं नाही आणि चिडवायचंही नाही. तो निवांत आहे तोवर तुमची शिकार आहे.

तो निवांत राहतो. पश्चिमेकडून पाचसहा मोठी, जड बदकं येतात. या मुलखात बारमाही राहणारी हळदी-कुंकू बदकं. काळ्या चोचीचं टोक पिवळं, चोचीच्या मुळाशी दोन बाजूंना तांबडा ठिपका. म्हातारा तुमच्या कानाशी आहे.

“हयद दिसली म्हून उचलू नोका. हयद दुरून दिसते. कुकू दिसलं पाह्यजे.”

चाळीस यार्डांचा नियम साहेबांच्या पुस्तकांत आहे. यार्ड मोजायला आभाळात खुंट्या नसतात, ही त्या पुस्तकांची अडचण. कुंकवाचं माप मात्र पाखराच्या अंगावरच आहे. हळद दिसते. मग एक क्षण सगळं धूसर. मग ठिपका दिसतो, तांबडा, स्पष्ट. तुम्ही उठता, थव्यातलं कोणतं हे ठरवायचं राहून जातं, सगळ्यांवर मिळून एक बार जातो, आणि एकही पाखरू पडत नाही. दुसऱ्या नळीच्या वेळी ती सरळ वर चढलेली आहेत. पृष्ठभागावर चरणारी ही बदकं पाण्यावरून धावत नाहीत, उभीच उठतात. लालसरीसारखी बुडी मारणारी असती तर पाण्यावर पळत गेली असती आणि तुम्हाला आणखी दोन क्षण मिळाले असते. चकवा आता ओरडतोय. सगळं तळं हवेत आहे.

पुतण्या तुमच्या हातून बंदूक घेतो. घाबरलेले थवे एकदोन फेऱ्या घालतात, त्यातच खरी संधी असते. तो एक तलवार बदक निवडतो, लांब मान, सुईसारखी शेपटी. नळी मागून येते, ओलांडते, थांबत नाही. पाखरू मान टाकून पडतं. पुढच्या बाराला एक थापट्या जखमी होऊन लव्हाळ्यांत शिरतो. आता म्हातारा पहिल्यांदा रागावतो. जखमी बदक पाण्याखाली बसून नुसती चोच वर ठेवतं आणि माणूस शेजारून निघून जातो. ते सोडून दुसऱ्यावर बार काढायचा नाही, तळं भरलेलं असलं तरी. नातू छातीभर गार पाण्यात उतरतो. बराच वेळ जातो. तेवढ्यात डोक्यावरून दोन थवे निघून जातात आणि पाटील सुस्कारे टाकतात, पण कोणी बंदुकीला हात लावत नाही. थापट्या सापडतो.

ऊन वर येतं, शिकार संपते. काठावर तीन-चार पाखरं मांडलेली आहेत. पुतण्या प्रत्येकाचे पाय उलटसुलट करून बघतो. कशाला, असं म्हातारा विचारतो. पुतण्या सांगतो, धारच्या पवारांच्या संस्थानात १९२६पासून बदकं धरून पायात नंबराची कडी घालून सोडतात. ते कडं कुठे सापडलं की महाराजांना कळवायचं, म्हणजे हे पाखरू उन्हाळ्यात कुठे जातं ते समजेल. तलवार बदक पार सैबेरियातून येतं म्हणे.

म्हातारा हसतो. “म्हंजे बदकायलेबी हजेरी लावली म्हना!”

पाटील हसत नाहीत. तुम्हालाही हसू येणार नाही. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याची छाया पारध्यांवर आहे. शेजारच्या मुंबई इलाख्यात तर कितीतरी पारधी कुटुंबांना पोलिसांपुढे हजेरी द्यावी लागते आणि परगावी जायचं तर पास काढावा लागतो. तो कायदा रद्द व्हायला १९५२ उजाडणार आहे. ज्याला पाखरू आवाजावरून कळतं त्याला बंदुकीचा परवाना मिळायचा नाही, आणि ज्यांच्या भिंतीवर बंदुका टांगल्यात त्यांना थापट्या नि चक्रांग वेगळे करता येत नाहीत. एकाच तळ्यावर एकाची ती शिकार आणि दुसऱ्याची चोरी. बदकांच्या शिकारीबद्दल मी जे काही वाचलंय त्यातली मला सर्वांत खटकणारी गोष्ट मेलेल्या पाखरांची नाही, ही आहे.

पुतण्या विचारतो, बंदुकीशिवाय कसं धरता? तितर-लाव्यांना फासे लावतात, घोड्याच्या शेपटीच्या केसांचे, हे तुम्हाला ठाऊक असेल. बदकांची युक्ती वेगळी, आणि ती हिंदुस्थानात बऱ्याच ठिकाणी चालते. तळ्यात आठवडाभर रिकामी मडकी तरंगत सोडायची. बदकं आधी बिचकतात, मग त्यांच्यातून पोहू लागतात. एके पहाटे त्यातल्या एका मडक्याला दोन भोकं असतात आणि आत माणसाचं डोकं. गळ्याइतक्या पाण्यात तो हळूहळू थव्यात शिरतो आणि पाय धरून एकेक पाखरू खाली ओढतो. आवाज नाही, जखमी होऊन निसटणारं पाखरू नाही, आणि उद्यासाठी तळं तसंच्या तसं. याच्याशेजारी पुढची एक तारीख ठेवून बघा, जी इथे तुमच्याशिवाय कोणाला माहीत नाही: १२ नोव्हेंबर १९३८, भरतपूर. व्हाइसरॉय लिनलिथगोच्या पाहुणचारात एका दिवसात ४,२७३ पाखरं पडणार आहेत.

उठलेली बदकं कुठे गेली? म्हातारा दक्षिणेकडे हात करतो, लोणारकडे. तिथलं सरोवर खारं, मासा जगत नाही, पण चहूबाजूंनी उंच कडा आणि निवारा. पुतण्या ज्ञान पाजळतो की ते ज्वालामुखीचं तोंड आहे. कॉलेजात तसंच शिकवतात. म्हातारा लवणासुराचं नाव घेतो. उल्केच्या आघाताने बेसाल्टमध्ये खड्डा पडला हे शास्त्रज्ञ पुराव्यानिशी मांडतील ते १९७३ साली, तेव्हा तुम्ही गप्प बसा. २०००मध्ये ते अभयारण्य होईल आणि २०२०मध्ये रामसर स्थळ, हेही सांगू नका. मधल्या काळात १९७२चा वन्यजीव कायदा येईल, त्यात सुरुवातीला लहान शिकारीचे परवाने असतील, आणि १९९१च्या दुरुस्तीने तेही जातील. मुंबईची नॅचरल हिस्टरी सोसायटी कडी घालण्याचं काम मोठ्या प्रमाणावर करील, आणि बदकांच्या पायांतल्या कड्यांची बरीच माहिती शिकाऱ्यांच्याच हातून परत येईल.

तुमच्या काळात दर जानेवारीत पाणपक्ष्यांची मोजणी होते. नवख्यांना सोबत नेतात. बुलढाण्यातल्या धरणांच्या काठी उभं राहून तुम्हीही कधी ती केली असेल: जात कोणती, संख्या किती, दोन रकाने. आता पाटील सहज विचारतात तेव्हा तेच रकाने भरायचे आहेत.

“किती असतीन आज?”

पुतण्या म्हणतो दोनशे. तुम्ही दीडशे म्हणता. म्हातारा दोघांकडे बघतो आणि बोटांच्या पेरांवर सांगू लागतो. थापटे साठाच्या वर, त्यातले नर कमी. तलवार तीसएक. चक्रांगांचे दोन थवे, दुसरा मोठा, तो खाली उतरलाच नाही. हळदी-कुंकू सहा. चकव्यांची एक जोडी. पलीकडच्या लव्हाळ्यात टिबुकल्या, त्या मोजायच्या का?

मग वाटणी होते. तलवार बदक वाड्यावर जातं. थापट्या गावतळ्यांतला चिखल गाळून खातो, म्हणून त्याच्या मांसाला वास येतो असं पाटलांचं म्हणणं, तेव्हा थापटे म्हाताऱ्याला. तो नातवाकडे पाखरं देतो आणि कडब्यापाशी वाकून झाडलेल्या काडतुसांची बुडं वेचू लागतो.

“ते कायले?” पुतण्या विचारतो.

“पितय हाये,” म्हातारा म्हणतो. “आन् पाहुन्याचे दोन बार कुठी पडले? तेयी दाखवा.”