बेंजोचे मूळ गाव

आमच्या मोहल्ल्यात वरात निघाली की पुढे बेंजो हवाच. हळदीला बेंजो, उरुसाच्या संदलला बेंजो, पलीकडच्या आळीतला गणपती निघाला की तिथेही बेंजो. आणि वाजवणारी पोरे पुष्कळदा तीच. टाइपरायटरसारखी बटणे आणि खाली ताणलेल्या तारा अशी ही पेटी. तिचे दुसरे नाव बुलबुल तरंग. जपानमधल्या नागोया शहरात गोरो मोरिता यांनी १९१२ साली ‘तैशोगोतो’ नावाचे वाद्य तयार केले, त्याचाच हा हिंदुस्थानी अवतार. कव्वालांनी त्याला जवळ केले, पुढे ते विजेवर वाजू लागले. पण ‘बेंजो’ हे नाव जपानी नव्हे. अमेरिकेतल्या एका वेगळ्याच वाद्याचे ते उसने नाव आहे. आणि गंमत अशी, की ते वाद्यही मूळचे अमेरिकेचे नाही.

या नावाच्या मागे आम्ही लागलो ते एका विद्यार्थिनीमुळे. इतिहासाच्या तासाला गुलामांच्या व्यापाराचा नकाशा फळ्यावर काढला होता. आफ्रिका, अमेरिका, युरोप आणि मध्ये बाण. तिने विचारले, “सर, वो लोग साथ में क्या ले गए?” आम्ही म्हटले, काही नाही, साखळदंडात जखडलेला माणूस काय नेणार? तास संपला. उत्तर चुकले होते हे आम्हाला बऱ्याच दिवसांनी कळले.

पश्चिम आफ्रिकेत गांबिया, सेनेगलचा दक्षिण भाग आणि गिनी-बिसाऊ इथे जोला नावाची जमात राहते. त्यांचे ‘अकोंतिंग’ नावाचे वाद्य आहे. भोपळ्याचे पोट, त्यावर ताणलेले कातडे, काठीची दांडी आणि तीन तारा. आमच्याकडे मिरजेच्या शिकलगारांनी पंढरपूरकडच्या भोपळ्यांतून तंबोरे घडवले, तसाच भोपळा. फक्त तोंडावर लाकडाऐवजी तुणतुण्यासारखे कातडे. तीन तारांपैकी एक आखूड असते आणि ती अंगठ्याने छेडतात. तर्जनीचे नख वरून खाली तारेवर मारायचे आणि लगेच अंगठा आखूड तारेवर आणायचा. अमेरिकेच्या डोंगराळ भागात जुन्या पद्धतीचा बेंजो नेमका असाच वाजवतात, आणि आखूड तारही तिथे आहेच. गांबियाचे डॅनियल जत्ता यांनी वडिलांच्या हातातले हे वाद्य अभ्यासले आणि २००० सालाच्या सुमारास अमेरिकेतल्या जाणकारांसमोर मांडले, तेव्हा बेंजोच्या घराण्याचा हा धागा ठळक झाला.

इथे आपल्या लोकांना मोह होतो. सेनेगल-गांबियातून नेलेल्या गुलामांत मुसलमान पुष्कळ होते, म्हणजे बेंजो मुसलमानांचा, असे म्हणून मोकळे व्हावे. तसे म्हणता येत नाही. अकोंतिंग जोलांच्या ताडीच्या बैठकीतले वाद्य, आणि जोलांचा जुना धर्म वेगळा होता. त्यांच्या शेजारच्या मुसलमान मांदे भाटांचे ‘न्गोनी’ हे त्याचे भावंड, जनक नव्हे. इब्न बतूता १३५२-५३ मध्ये माली राज्यात होता. सुलतानाच्या पुढे सोन्याचांदीची तंतुवाद्ये घेतलेले गायक चालत, असे त्याने लिहून ठेवले आहे. हाच इब्न बतूता काही वर्षे आधी आपल्या दौलताबादेत आला होता. तिथल्या गायकांच्या बाजाराचे, तरबाबादचे, त्याने वर्णन केले आहे. बाजाराच्या मधोमध घुमटी; दर गुरुवारी असरच्या नमाजानंतर गायकांचा प्रमुख तिथे येऊन बसे; आणि त्याच बाजारात मशिदी, त्यांत रमजानला तरावीह. संगीत हलाल की हराम हा वाद आम्ही इथे काढत नाही. जे होते ते सांगितले.

अमेरिकेला जाण्याआधी वाद्य कॅरिबियन बेटांवर दिसते. हान्स स्लोन नावाचा वैद्य १६८७ साली जमैकाला गेला. तिथल्या गुलामांच्या भोपळ्याच्या वाद्यांचे चित्र त्याच्या १७०७ च्या ग्रंथात आहे. टॉमस जेफरसनने व्हर्जिनियावरील पुस्तकात, हे वाद्य गुलामांनी आफ्रिकेतून आणले, असे स्पष्ट लिहिले. ते पुस्तक १७८५ चे. दक्षिण कॅरोलिनात १७३९ साली गुलामांनी उठाव केला, तेव्हा पुढच्या वर्षीच्या कायद्याने त्यांच्या ढोलांवर आणि शिंगांवर बंदी आली. ढोल दूरवर निरोप पोचवतो, त्याची मालकांना भीती. तारांच्या वाद्याची तशी भीती कुणाला वाटली नाही.

पुढचे प्रकरण लाजिरवाणे आहे. १८४० च्या दशकात गोरे नट तोंडाला काळे फासून, बेंजो हाती घेऊन, काळ्या माणसाची टवाळी करणारे खेळ करू लागले. खेळ तुफान चालले. बेंजो गोऱ्यांच्या घराघरांत गेला आणि ज्यांचा तो होता त्यांना तो हातात धरायची शरम वाटू लागली. एखादी वस्तू लुटून नेता येते, तशी टिंगल करून करूनही हिसकावता येते.

ब्लूग्रास या संगीताचे नाव केंटकी राज्यातल्या बिल मन्रो यांच्या ‘ब्लू ग्रास बॉइज’ या ताफ्यावरून पडले. मेंडोलिन, फिडल, गिटार, बेंजो आणि उभा बास; ढोल नाही, वीज नाही. एका मायक्रोफोनभोवती सगळे, ज्याची पाळी तो पुढे सरकतो, वाजवून मागे येतो. १९४५ च्या डिसेंबरात अर्ल स्क्रग्ज हा बेंजोवाला तीन बोटांची जलद लकब घेऊन त्यांना मिळाला आणि बाज पक्का झाला. लहानपणी मन्रोंनी आर्नॉल्ड शुल्ट्झ या काळ्या वादकाला गावच्या नाचांत साथ केली होती, आणि त्याचे ऋण ते पुढेही सांगत. शुल्ट्झ १९३१ साली वारला.

या संगीताची खरी मजा रंगमंचावर नाही असे जाणकार म्हणतात, आणि आम्हाला ते पटते. १९६५ साली व्हर्जिनियातल्या फिनकॅसलला पहिला मोठा, काही दिवसांचा ब्लूग्रास मेळा भरला. पुढे गावोगाव असे मेळे भरू लागले. मेळ्यात गाड्या उभ्या करायच्या जागी, झाडाखाली लोक वर्तुळ करून बसतात. कारखान्यातला कामगार, मास्तर, शेतकरी. कुणी सूर धरतो, बाकीचे मिसळतात, नवखा कडेला बसून ऐकतो. नोटेशन नाही, तिकीट नाही. आपल्या जुन्या मैफलींसारखेच: शिकायचे तर शेजारी जाऊन बसायचे.

या वर्तुळातून काळा माणूस मात्र नाहीसा झाला होता. १९२० च्या दशकात रेकॉर्ड कंपन्यांनी काळ्यांसाठी वेगळी आणि डोंगरी गोऱ्यांसाठी वेगळी यादी छापली. काळ्यांनी ब्लूज गावे, बेंजो-फिडल गोऱ्यांनी वाजवावे, अशी वाटणी झाली. दक्षिणेतले लाखो काळे लोक उत्तरेच्या शहरांत गेले. काळ्यांचे बेंजो-फिडलचे ताफे घराच्या ओसरीपुरते उरले.

असाच एक ओसरीवरचा माणूस जो थॉम्पसन. जन्म १९१८, उत्तर कॅरोलिनातले मेबेन गाव, फर्निचरच्या कारखान्यात नोकरी. तो फिडल वाजवी आणि चुलत भाऊ ओडेल बेंजो. १९९४ साली ओडेल गेला. २००५ च्या एप्रिलमध्ये त्याच राज्यातल्या बून इथे काळ्या बेंजोवादकांचा मेळावा भरला. तिथे भेटलेली तीन तरुण मुले, रियानन गिडन्स, डॉम फ्लेमन्स आणि जस्टिन रॉबिन्सन, मग दर गुरुवारी थॉम्पसनच्या घरी जाऊ लागली. वय ८६-८७. म्हातारा वाजवी, मुले वाजवीत. पुन्हा एकदा, पुन्हा एकदा. समजावून सांगणे फारसे नाही. बीएडला आम्हाला पाठाचे टाचण काढायला शिकवले, उद्दिष्टे लिहायला शिकवले. या माणसाने त्यातले काही न करता जे शिकवले ते टिकले. मुलांच्या ताफ्याला २०११ साली ग्रॅमी मिळाले, पारंपरिक लोकसंगीताच्या विभागात. थॉम्पसन २०१२ मध्ये वारला.

गिडन्सचे पुढचे काम वाचताना आम्ही थबकलो. तिने मायकल एबल्सबरोबर एक ऑपेरा रचला, नाव ‘ओमर’. २०२२ साली तो चार्ल्स्टनला पहिल्यांदा झाला आणि २०२३ चे पुलित्झर त्याला मिळाले. हा ओमर म्हणजे उमर इब्न सईद, सेनेगलच्या फूता तोरोचा आलिम. १८०७ साली त्याला पकडून याच चार्ल्स्टनला आणले. मालकाकडून पळाला, फेएटविलला सापडला आणि तुरुंगाच्या भिंतींवर त्याने कोळशाने अरबी लिहिले. १८३१ साली त्याने आपली कहाणी अरबीत लिहिली. ती सूरह अल-मुल्कने सुरू होते. मालक म्हणवणाऱ्यांच्या तोंडावर, सत्ता कुणाच्या हाती आहे ते सांगणारी सूरह! ती हस्तलिखित पाने आज वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत आणि फेएटविलमध्ये त्याच्या नावाची मशीद आहे.

सिल्वियान दियूफ या इतिहासकार अजानची ध्वनिफीत आणि १९४७ साली मिसिसिपीच्या तुरुंगात ध्वनिमुद्रित झालेली एका काळ्या कैद्याची आरोळी लागोपाठ ऐकवीत असत. आम्हीही तसे ऐकले. लांबवलेला सूर, कंप, मध्येच घेतलेला श्वास, कानाला ओळख पटते. पुरावा म्हणून ती ओळख कितपत टिकेल याविषयी मात्र आम्ही सावध आहोत.

चुकलेले उत्तर दुरुस्त करायला हवे होते. एका शनिवारी शेवटच्या तासाला आम्ही मोबाइलवर आधी अकोंतिंग लावले, मग जुन्या पद्धतीचा बेंजो, आणि कुठले कुठले ते ओळखायला सांगितले. निम्मा वर्ग चुकला. त्या मुलीला म्हटले, नख मारायची ही रीत ते सोबत घेऊन गेले; ती साखळदंडाने बांधता येत नाही. तिने वहीत लिहून घेतले. मागच्या बाकावरच्या एकाचा मोठा भाऊ बेंजो पार्टीत आहे. तो उठून म्हणाला, “सर, इसमें हमारा बेंजो किधर है?”

“फक्त नावात,” आम्ही म्हटले. तो बसला, पण त्याचे समाधान झालेले दिसले नाही.