पाळणे मोजणाऱ्या दुर्बिणी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गाव वाढतंय की ओस पडत चाललंय, हे नुसती घरं मोजून कळत नाही. किती घरांत पाळणा हलतो ते पाहावं लागतं. दीर्घिकांचंही तसंच आहे. देवयानीसारख्या सर्पिल दीर्घिकेत अब्जावधी तारे असतात, पण त्यांतले बहुतेक जुने. नवे तारे नेमके कुठे जन्मताहेत, हे ओळखण्याची एक नामी युक्ती म्हणजे अतिनील किरण. तिचाच इतिहास मी आज सांगणार आहे.

युक्तीचं मर्म सोपं आहे. नव्या ताऱ्यांत काही फार वजनदार आणि अतिशय तप्त असतात. त्यांचा बराचसा प्रकाश अतिनील किरणांच्या रूपात बाहेर पडतो. पण हे तारे उधळे! सूर्याचं आयुष्य सुमारे एक हजार कोटी वर्षांचं, तर यांचं काही लाखांपासून काही कोटी वर्षांपर्यंतचं. जन्मस्थानापासून फार दूर जाण्याआधीच ते संपतात. म्हणून सर्पिल दीर्घिकेच्या भुजांत जिथे अतिनील उजेड दिसतो, तिथे गेल्या दहाएक कोटी वर्षांत पाळणा हलला, असं समजायला हरकत नाही.

अडचण एकच. आपलं रक्षण करणारं वातावरण, विशेषतः ओझोनचा थर, यांतले बहुतेक किरण वरच्या वर अडवतो. जमिनीवरची दुर्बीण कितीही मोठी असो, इथे ती आंधळीच. तेव्हा वर जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं. अमेरिकेची पहिली फिरती वेधशाळा १९६६ साली अवघ्या काही दिवसांत निकामी झाली. डिसेंबर १९६८ मध्ये गेलेल्या दुसरीने मात्र अकरा दुर्बिणींनी हे नवं आकाश न्याहाळलं. एप्रिल १९७२ मध्ये जॉर्ज कॅरुथर्स यांनी घडवलेला अतिनील कॅमेरा अपोलो-१६ च्या अंतराळवीरांनी थेट चंद्रावर मांडला. कॅमेरा तिथेच राहिला. परत आली ती फिल्म.

१९९० आणि १९९५ साली अंतराळ यानातून गेलेल्या दुर्बिणीनेही फिल्मवरच चित्रं टिपली. सप्तर्षी तारकासमूहातल्या एम-८१ या दीर्घिकेचं रूपच तिने पालटून दाखवलं. एरवी डोळ्यांत भरणारा मधला फुगवटा फिका पडला आणि भुजांवरचे ठिपके उजळले. मधे म्हाताऱ्यांची वस्ती, भुजांत तरुणांची!

मला या इतिहासातला सर्वांत मोलाचा वाटतो तो यापुढचा टप्पा. एप्रिल २००३ मध्ये गॅलेक्स हा उपग्रह गेला. आरसा अवघा अर्ध्या मीटरचा, पण नजर विशाल. दीर्घिकेच्या दिसणाऱ्या तबकडीबाहेरही हायड्रोजन वायू पसरलेला असतो, हे रेडिओ दुर्बिणींमुळे ठाऊक होतं. पण तो इतका विरळ, की त्यातून फारसे तारे घडणार नाहीत, असाच सर्वसाधारण समज होता. वासुकी तारकासमूहात, सुमारे दीड कोटी प्रकाशवर्षांवर एम-८३ ही दीर्घिका आहे. २००५ साली तिच्या तबकडीच्या कितीतरी पलीकडे तरुण ताऱ्यांचे पुंजके आढळल्याचं जाहीर झालं. गावाची वेस आपण समजत होतो तिथे नव्हतीच. पुढे पाहणी केलेल्या जवळच्या दीर्घिकांपैकी निदान पाचांतल्या एकीत असंच चित्र दिसलं.

अर्थात हे किरण सगळंच सांगत नाहीत. ताऱ्यांभोवतीची धूळ ते गिळते आणि तीच ऊर्जा अवरक्त किरणांत परत देते. म्हणून जन्मांची नोंद पुरी करायला अवरक्त दुर्बिणीची वहीही जोडून वाचावी लागते.

२८ सप्टेंबर २०१५ रोजी भारताचा अ‍ॅस्ट्रोसॅट अवकाशात गेला. बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या पुढाकाराने त्यावरची अतिनील दुर्बीण घडली. पुण्याच्या आयुकाचाही त्यात वाटा होता. गॅलेक्सपेक्षा तिची नजर सुमारे तिप्पट तीक्ष्ण; त्यामुळे जिथे एकच धूसर ठिपका दिसे, तिथे वेगवेगळे पुंजके मोजता येऊ लागले. २०२२ साली आयुकाच्या शास्त्रज्ञांचा सहभाग असलेल्या गटाने तिच्याच साहाय्याने ११ बटू दीर्घिकांच्या कडेला नवे पुंजके दाखवले. या दीर्घिका सर्पिल नव्हेत, पण धडा तोच. हे पुंजके हळूहळू आत सरकतात आणि दीर्घिकेची वाढ करतात, असं त्या गटाचं म्हणणं आहे. तेव्हा दीर्घिका कशी वाढते हे समजायचं, तर तिच्या झगमगत्या मध्याइतकंच तिच्या अंधाऱ्या वेशीकडेही पाहायला हवं.