तोकिवा : पेरणाऱ्याचीच वाट

आज आपण ‘तोकिवा’ या जपानी युद्धनौकेकडे पाहू. १८९८ साली इंग्लंडमध्ये तिचं जलावतरण झालं. रशियाविरुद्ध ती लढली. पुढे १९२०च्या दशकात तिला पाणसुरुंग पेरणारी नौका केलं. १९२७मध्ये तिच्यावरचेच सुरुंग फुटून खलाशी दगावले. दुसऱ्या महायुद्धातही तिने जपानच्या किनाऱ्यालगत सुरुंग पेरले. १९४५मध्ये अमेरिकेच्या बी-२९ विमानांनी तिथल्याच जलमार्गांत १२,०००हून अधिक सुरुंग टाकले, आणि तोकिवालाच सुरुंगाचा तडाखा बसला. ९ ऑगस्टला, नागासाकीवर बॉम्ब पडला त्याच दिवशी, ओमिनातोला विमानांनी तिला निकामी केलं. पेरावं तसं उगवतं, असं आपण म्हणतो. पण सुरुंग मालक ओळखत नाही. विचार पेरण्याआधीच करायचा असतो, आणि तो आपणच.