केतकरांचा ‘ब्रह्मा’ आणि गुरूचे चंद्र

नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून जबलपुरात मराठी घरे नांदत आली. नर्मदाकाठच्या या घरांनी जे जपले, त्यात पंचांगही आहे. त्या पंचांगाचे गणित प्रत्यक्ष आकाशाशी जुळावे, यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले त्यांत वेंकटेश बापूजी केतकर यांचे नाव अग्रभागी येते. १८ जानेवारी १८५४ रोजी नरगुंद येथे जन्मलेल्या केतकरांचे आयुष्य जबलपूरकरांप्रमाणेच मराठी मुलखाच्या सीमेपलीकडे, कानडी प्रदेशात गेले. पेशाने ते शाळाशिक्षक होते. ‘ज्योतिर्गणितम्’ आणि ‘केतकी ग्रहगणितम्’ हे त्यांचे संस्कृत ग्रंथ पंचांगशोधनाच्या इतिहासात मान्यता पावले आहेत.

याच शिक्षकाने १९११ साली फ्रान्समधील ज्योतिर्विदांच्या संस्थेच्या नियतकालिकात एक धाडसी विधान केले. नेपच्यूनच्या पलीकडे आणखी दोन ग्रह असले पाहिजेत, असे त्यांनी मांडले आणि त्यांना ‘ब्रह्मा’ व ‘विष्णू’ ही नावे दिली. या विधानाचे मूळ गुरूच्या उपग्रहांच्या भ्रमणात होते.

गुरूचे चार मोठे चंद्र गॅलिलिओने जानेवारी १६१० मध्ये दुर्बिणीतून पाहिले. त्यांपैकी आतले तीन म्हणजे आयो, युरोपा आणि गॅनिमीड. आयोची प्रदक्षिणा सुमारे १.७७ दिवसांत, युरोपाची ३.५५ दिवसांत आणि गॅनिमीडची ७.१५ दिवसांत पुरी होते. म्हणजे प्रत्येकाचा काळ आतल्याच्या जवळजवळ दुप्पट. फ्रेंच गणिती लाप्लास यांनी अठराव्या शतकात या जुळणीमागचे कारण उलगडले. आयो दररोज २०३.४८९ अंश चालतो, युरोपा १०१.३७५ आणि गॅनिमीड ५०.३१८. आयोच्या गतीत गॅनिमीडच्या गतीची दुप्पट मिळवली की ३०४.१२५ अंश होतात. युरोपाच्या गतीची तिप्पटही नेमकी तेवढीच. परस्परांच्या आकर्षणामुळे हा मेळ टिकून राहतो. त्यामुळेच हे तिन्ही चंद्र गुरूच्या एकाच बाजूस एकाच वेळी एका रेषेत कधीही येत नाहीत.

गुरूभोवती जो नियम चालतो, तो सूर्याभोवती दूरच्या ग्रहांतही चालत असावा, असा केतकरांचा तर्क होता. युरेनस, नेपच्यून आणि त्यांपलीकडील अज्ञात ग्रह असेच परस्परांशी बांधलेले मानून त्यांनी आकडे काढले. ब्रह्मा सूर्यापासून पृथ्वीच्या ३८.९५ पट अंतरावर असेल आणि त्याची प्रदक्षिणा २४२.२८ वर्षांची असेल, असे त्यांचे गणित सांगत होते.

एकोणीस वर्षांनी, १८ फेब्रुवारी १९३० रोजी, अमेरिकेतील लॉवेल वेधशाळेत क्लाइड टॉम्बॉ यांना प्लूटो सापडला. त्याचे सरासरी अंतर ३९.४८ पट आणि प्रदक्षिणाकाल सुमारे २४८ वर्षे निघाला. केतकरांचे आकडे याच्या अगदी जवळचे होते. त्याच वर्षी ३ ऑगस्टला केतकरांचे निधन झाले.

‘प्लूटोचा शोध मराठी माणसाने लावला’ असे म्हणण्याचा मोह येथे होतो. परंतु इतिहास त्याला दुजोरा देत नाही. ब्रह्मा आकाशाच्या कोणत्या भागात शोधावा, हे केतकरांनी सांगितले नव्हते. ज्या मेळावर गणित उभे होते, तोही तेथे नाही. प्लूटो नेपच्यूनशी बांधलेला आहे खरा, पण निराळ्या प्रमाणात: नेपच्यूनच्या तीन प्रदक्षिणा होतात तेव्हा प्लूटोच्या दोन. युरेनस या बंधनात नाहीच. विष्णू तर कधीच सापडला नाही.

तथापि, जगप्रसिद्ध भाकितांचीही गत वेगळी नव्हती. पर्सिव्हल लॉवेल यांनी नेपच्यूनपलीकडील ग्रहाचे वस्तुमान पृथ्वीच्या सुमारे सातपट मानले होते आणि त्याच शोधात प्लूटो हाती लागला. १९७८ साली जेम्स क्रिस्टी यांना प्लूटोचा चंद्र शेरॉन आढळला. त्याच्या कक्षेवरून प्लूटोचे वस्तुमान काढता आले आणि ते पृथ्वीच्या पाचशेव्या हिश्श्याच्या आसपास भरले. लॉवेल यांचा अंदाजही योगायोगच ठरला. २००६ साली प्लूटोची गणना बटुग्रहांत झाली.

गणिताच्या वहीत उत्तर बरोबर आणि रीत चुकलेली असली, तर चांगला शिक्षक उत्तराचे पूर्ण गुण देत नाही. पण वही फेकूनही देत नाही. केतकरांच्या गणितालाही तोच न्याय लावला पाहिजे. पंचांगाचे गणित करणाऱ्या एका शाळाशिक्षकाने गुरूच्या चंद्रांतला नियम दूरच्या ग्रहांना लावून पाहिला, आकडे जगापुढे मांडले आणि ते पारखण्याची मुभा इतरांना दिली. नंतरच्या वेधांनी त्यांतले काही जुळवले, बरेच खोडले. आपले विधान खोटे ठरू शकेल अशा स्पष्ट आकड्यांत ते मांडण्याचे धैर्य हे त्यांचे खरे श्रेय आहे. मराठी शाळेच्या विद्यार्थ्यांना त्यांचे नाव सांगताना ते याच कारणासाठी सांगावे.