न्यूजरीडर (युजनेट)

न्यूजरीडर किंवा वृत्तवाचक हे युजनेट या संगणकजालावरील वृत्तगटांतील लेख वाचण्यासाठी, त्यांना उत्तर देण्यासाठी आणि नवे लेख पाठवण्यासाठी वापरले जाणारे सॉफ्टवेअर होय. दूरचित्रवाणीवर बातम्या देणाऱ्या निवेदकाशी या शब्दाचा संबंध नाही. युजनेटवरील मजकूर मुख्यतः साध्या अक्षरांचा असल्यामुळे कमी स्मृती आणि मंद जोडणी असलेल्या जुन्या संगणकांवरही न्यूजरीडर चालू शकतो. मात्र एन्क्रिप्शन आणि अक्षरसंकेतन या दोन बाबतींत जुनी सॉफ्टवेअर अपुरी पडतात; त्यामुळे जुन्या संगणकासाठी निवड करताना याच दोन गोष्टी निर्णायक ठरतात.

इतिहास

युजनेटची कल्पना इ.स. १९७९ मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाचे विद्यार्थी टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस यांनी मांडली. इ.स. १९८० मध्ये ही सेवा प्रत्यक्षात आली. आरंभी संगणक एकमेकांना दूरध्वनीवरून जोडले जात आणि साठलेले लेख पुढच्या संगणकाकडे सोपवले जात. मार्च १९८६ मध्ये ब्रायन कॅन्टर आणि फिल लॅप्स्ली यांनी एनएनटीपी हा प्रोटोकॉल प्रसिद्ध केला. त्यामुळे सर्व लेख स्वतःच्या संगणकावर न साठवता दूरच्या सर्व्हरवरून हवे तेवढेच मागवणे शक्य झाले. या प्रोटोकॉलची सुधारित आवृत्ती ऑक्टोबर २००६ मध्ये आली.

लॅरी वॉल यांनी इ.स. १९८४ मध्ये 'आरएन' हा न्यूजरीडर लिहिला. एकाच विषयावरील प्रश्नोत्तरे शाखांच्या रूपात दाखवणारा 'टीआरएन' त्यातूनच पुढे विकसित झाला. इयान ली यांचा 'टिन' आणि जॉन डेव्हिस यांचा 'एसएलआरएन' हे केवळ कळफलकावर चालणारे न्यूजरीडर युनिक्स व लिनक्स संगणकांवर प्रचलित झाले. विंडोजवर 'फ्री एजंट', तर मॅकिन्टॉशवर जॉन नॉर्स्टॅड यांचा 'न्यूजवॉचर' आणि त्यावर आधारित सायमन फ्रेझर यांचा 'एमटी-न्यूजवॉचर' लोकप्रिय होते.

कार्यपद्धती

सर्व्हरवरील प्रत्येक वृत्तगटातील लेखांना अनुक्रमांक असतात. वाचलेल्या लेखांचे क्रमांक न्यूजरीडर वापरकर्त्याच्या संगणकावर नोंदवून ठेवतो. युनिक्स परंपरेत या फाइलला 'न्यूजआरसी' म्हणतात. हे क्रमांक प्रत्येक सर्व्हरवर वेगळे असतात. म्हणूनच सर्व्हर बदलल्यावर जुनी फाइल तशीच वापरल्यास न वाचलेले लेख वाचलेले म्हणून लपू शकतात किंवा वाचलेले लेख पुन्हा समोर येऊ शकतात. सर्व्हर बदलताना नवी फाइल तयार करून तीत केवळ गटांची नावे घेणे सुरक्षित असते.

गट उघडल्यावर न्यूजरीडर प्रथम विषय, लेखक, दिनांक आणि आधीच्या लेखांचे संदर्भ एवढाच गोषवारा मागवतो. संपूर्ण लेख निवड झाल्यावरच येतो. नको असलेले विषय किंवा लेखक वगळणाऱ्या 'किल फाइल'मुळे आणि लेखांना गुण देऊन क्रम लावणाऱ्या 'स्कोअर फाइल'मुळे गर्दीच्या गटांतही उपयुक्त मजकूर शोधता येतो.

जुन्या संगणकासाठी निवड

चित्रमय वातावरण पेलू न शकणाऱ्या लिनक्स किंवा बीएसडी संगणकांसाठी 'टिन' आणि 'एसएलआरएन' सोयीचे आहेत. 'टिन' शिकण्यास सोपा आहे, तर 'एसएलआरएन'मध्ये गुणांकनाची सोय अधिक लवचीक आहे. ईमॅक्स हा संपादक वापरणाऱ्यांना त्याच्यातच चालणारा 'ग्नूस' उपलब्ध आहे. चित्रमय वातावरण असल्यास 'पॅन' आणि 'थंडरबर्ड' हे पर्याय असले, तरी थंडरबर्डला तुलनेने बरीच स्मृती लागते.

जोडणी अधूनमधूनच मिळत असल्यास 'लीफनोड' हा छोटा सर्व्हर उपयोगी पडतो. घरातील वापरकर्ते जे गट वाचतात तेवढ्यांचेच लेख तो आणून साठवतो. त्यानंतर जोडणी नसतानाही वाचन करता येते.

मांडणी

प्रथम लेखन-वाचनाची परवानगी देणाऱ्या सर्व्हरवर खाते असावे लागते. केवळ मजकुराच्या गटांसाठी 'इटर्नल सप्टेंबर'सारखी विनामूल्य सेवा नोंदणीनंतर मिळते. न्यूजरीडरमध्ये सर्व्हरचे नाव, पोर्ट, वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड भरावा लागतो. साध्या जोडणीसाठी ११९ आणि एन्क्रिप्ट केलेल्या जोडणीसाठी ५६३ हे पोर्ट ठरलेले आहेत. युनिक्स परंपरेतील अनेक न्यूजरीडर सर्व्हरचे नाव 'एनएनटीपीसर्व्हर' या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून घेतात.

पहिल्याच वेळी सर्व्हरवरील सर्व गटांची यादी मागवणे टाळावे. ही यादी हजारो नावांची असते आणि जुना संगणक तिच्यामुळे दीर्घकाळ अडकून पडतो. हव्या असलेल्या दोन-चार गटांची नावे थेट देऊन वर्गणी नोंदवल्यास काम हलके होते. लेख पाठवून पाहण्यासाठी 'मिस्क.टेस्ट' यांसारखे चाचणीचे गट आहेत. अन्य गटांत चाचणीचे लेख टाकणे अशिष्ट मानले जाते. प्रेषकाचा ईमेल पत्ता सर्वांना दिसतो व जाहिरातबाज तो गोळा करतात. त्यामुळे अनेकजण '.इनव्हॅलिड' या राखीव शेवटाचा, प्रत्यक्षात नसलेला पत्ता वापरतात. स्वाक्षरी चार ओळींहून मोठी नसावी असा संकेत आहे.

मर्यादा

पोर्ट ११९ वरील साध्या जोडणीत वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड उघड्या अक्षरांत जातात. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये आजच्या पद्धतीचे एन्क्रिप्शन नसते. अशा वेळी घरातील एखाद्या नव्या संगणकावर 'एसटनेल' हे सॉफ्टवेअर बसवतात. जुना संगणक घरातल्या घरात साध्या जोडणीने त्याच्याशी बोलतो आणि बाहेरची जोडणी एन्क्रिप्ट होऊन जाते. हे शक्य नसल्यास युजनेटच्या खात्याचा पासवर्ड अन्यत्र कोठेही वापरलेला नसावा.

दुसरी मर्यादा लिपीची आहे. यूटीएफ-८ संकेतनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट्स व्यापते. एक बाइट म्हणजे एक अक्षर असे मानणारे जुने न्यूजरीडर त्यामुळे एका चिन्हाच्या जागी तीन निरर्थक खुणा दाखवतात. अशा न्यूजरीडरमधून उत्तर पाठवल्यास संकेतनाची चुकीची नोंद होऊन उद्धृत केलेला देवनागरी मजकूर इतर वाचकांनाही बिघडलेला दिसू शकतो. 'टिन' आणि 'एसएलआरएन' यांच्या नव्या आवृत्त्या यूटीएफ-८ हाताळतात. तरीही जोडाक्षरे आणि वेलांट्या नीट दिसणे टर्मिनल व फाँट यांवर अवलंबून असते.

मराठी वापर

युजनेटवर 'सॉक.कल्चर.इंडियन.मराठी' हा मराठी भाषकांसाठीचा वृत्तगट होता. देवनागरी थेट लिहिण्याची सोय सार्वत्रिक नसण्याच्या काळात तेथील संवाद रोमन लिपीतील मराठीत आणि इंग्रजीत होत असे. रोमन अक्षरांतून देवनागरी छपाई साधणारी अविनाश चोपडे यांची 'आयट्रान्स' पद्धतीही त्याच काळातील आहे. रोमन लिपीत असल्यामुळे हे जुने लेख कोणत्याही जुन्या न्यूजरीडरमध्ये अबाधित दिसतात; देवनागरी लेखांबाबत मात्र तसे घडत नाही.

सद्यस्थिती

गूगलने फेब्रुवारी २००१ मध्ये 'डेजा न्यूज'चा युजनेट संग्रह विकत घेतला. पुढे 'गूगल ग्रुप्स' या संकेतस्थळावरून ब्राउझरद्वारे युजनेट वाचणे व त्यावर लिहिणे शक्य झाले. २२ फेब्रुवारी २०२४ पासून तेथे नवे युजनेट लेख येणे व पाठवणे बंद झाले; जुना संग्रह पाहण्याची सोय ठेवण्यात आली. तेव्हापासून तेथील वाचकांना चालू लेखांसाठी स्वतंत्र सर्व्हर आणि न्यूजरीडर यांच्याकडे वळावे लागले आहे.

हे सुद्धा पहा

युजनेट
यूटीएफ-८
युनिकोड
देवनागरी